जावई, येळवस आणि शेवंडीची शेपटी

आमच्या धाराशिव जिल्ह्यात जावयाला काय खाऊ घालायचं हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या कुणाला पडलेला नाही. जावई आला की बोकड पडतो. उस्मानाबादी शेळी साऱ्या देशात नावाजलेली. काळी कुळकुळीत, मिळेल त्या पाल्यावर तगणारी आणि बऱ्याचदा जुळी देणारी. दुष्काळात माणूस मोडतो, ही मोडत नाही. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं. शेळीनं मात्र आपलं नाव अजून बदलून घेतलेलं नाही आणि त्याबद्दल तिला कुणी विचारलेलंही नाही. तर सांगायचं म्हणजे काळ्या मसाल्याचा रस्सा, ज्वारीची भाकरी, बुक्कीनं फोडलेला कांदा, एवढ्यावर जावई दोन दिवस बोलायच्या स्थितीत राहत नाही आणि सासरा निर्धास्त होतो.

हा सुरळीत कारभार बिघडला तो धाकटीला रत्नागिरीत दिल्यापासून. जावईबापू मिरकरवाड्याकडचे. घरची होडी, अंगणात जाळी वाळत पडलेली. सोयरीक ठरवायला आम्ही गेलो तेव्हा विहीणबाईंनी सुरमई, कोळंबी, बांगडा, तिसऱ्या असं काय काय पुढं सारलं. आमच्याकडं समुद्रातलं म्हणून जे येतं ते आठवडी बाजारात, पोत्यातून, वाळून येतं: सुकट आणि बोंबील. ताजा मासा म्हणजे धरणातला, रोहू-कटला नाहीतर उजनीची चिलापी. तिसऱ्या कशा खातात हे आमच्या थोरल्या बंधूंना ठाऊक नव्हतं. त्यांनी आख्खी शिंपली तोंडात टाकली आणि घराण्याची अब्रू राखण्यासाठी ती चावायला घेतली. तो आवाज ऐकून विहीणबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. तो पदर माझ्या डोक्यातून जाईना.

मी ठरवलं, जावई येळवशीला आपल्याकडं येतील तेव्हा समुद्रच वाढायचा. आणि तोही असा, की विहीणबाईंच्या ताटात नव्हता.

"बाबा, त्यांना मटणच आवडतं," धाकटी फोनवर सांगत होती. "इथं मासे रोजचेच आहेत हो. आत्तापासूनच विचारायलेत, आज्जी रस्सा करतील ना म्हणून."

पण पाहुण्याला काय आवडतं ते विचारून तेच वाढलं तर त्याला पाहुणचार म्हणत नाहीत, खाणावळ म्हणतात. आपल्याकडची खरी रीत वेगळी आहे. अमेरिकेतून पुतण्या आला की तो पिठल्याच्या आठवणीनं व्याकूळ झालेला असतो. आपण त्याला गावात नवीन सुरू झालेल्या दुकानातला पिझ्झा आणून देतो आणि 'तिकडच्यासारखा झालाय का?' म्हणून तोंडाकडं बघत बसतो. नागपूरच्या माणसापुढं संत्री सोलून ठेवतो. सोलापूरचा पाहुणा आला तर शेंगाचटणीचा डबा उघडतो, जो गेल्या खेपेला त्यानंच आणलेला असतो. पाहुण्याला परकं वाटू नये म्हणून आपण त्याला सोडून आलेलं घर पुन्हा खाऊ घालतो. रत्नागिरीच्या जावयाला मासा, हे त्याच रीतीत बसणारं होतं. फक्त समुद्र साडेतीनशे-चारशे किलोमीटरवर होता.

त्यातच मला तो व्हिडिओ सापडला. काळे हातमोजे घातलेला एक दाढीवाला लॉबस्टरची शेपटी कात्रीनं पाठीवर उभी चिरतो, आतलं पांढरं मांस वर काढून कवचावर बसवतो, निखाऱ्यावरच्या जाळीवर पालथी घालतो, उलटतो आणि वरून लसूण-लिंबाचं लोणी कुंच्यानं फासतो. चर्रर्र आवाज होतो. मग तो एक घास घेतो, डोळे मिटतो आणि सावकाश मान हलवतो. रोज रात्री अंथरुणात मी ते मान हलवणं बघू लागलो.

"का मान हलवायलाय तो?" हिनं एकदा डोकावून विचारलं. "खारट झालंय का?"

चार दिवसांत फोनला माझ्याबद्दल गैरसमज झाला. आधी खताच्या आणि गुडघेदुखीच्या जाहिराती यायच्या, त्या बंद झाल्या. आता मला मालदीवमधली हॉटेलं आणि भाड्यानं मिळणाऱ्या बोटी दाखवायला लागले. पेन्शनीत जगणाऱ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी श्रीमंत समजत होतं. मी त्या फोनला दुखवू शकलो नाही.

मुंबईत भाचा आहे. त्याला म्हटलं, बाबा रे, ससून डॉकला जाऊन बघ. ससून डॉक १८७५ पासूनचा. दीडशे वर्षांत तिथं धाराशिवसाठी लॉबस्टर मागणारा मी पहिला असावा, असं भाच्याचं मत पडलं. "मामा, अख्खी शेवंड घेऊ का नुसत्या शेपट्या? शेपट्या बर्फात घट्ट करून मिळतात. प्रवासाला बऱ्या." मी म्हटलं, शेपट्या. त्यानं भाव सांगितला. भाव ऐकून मी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्या कानालाही तोच भाव आला.

थर्माकोलचा डबा रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघाला आणि पहाटे धाराशिवला उतरायच्या ऐवजी लातूरला गेला. डब्यावर भाच्यानं 'धाराशिव' लिहिलं होतं, क्लीनरच्या यादीत 'उस्मानाबाद' होतं. दोन्ही गावं शोधून दमल्यावर क्लीनर झोपला. मी फोन केला तर म्हणाला, "काका, तुमचं गाव यादीतच नाही." मी म्हटलं, "अरे, तू आत्ता त्या गावातनं गेलास!" तो म्हणाला, "मग थांबलो नसंल."

संतापून मी हे शेजारच्या सरांना सांगितलं. सर निवृत्त विज्ञान शिक्षक. त्यांची गच्ची आमच्या गच्चीला लागून आहे आणि त्यांच्या ज्ञानाला कठडा नाही. ते म्हणाले, "एका रात्रीत मुंबईहून लातूर, आणि तुमची तक्रार आहे? आपलं तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचं नाव आहे. तगरहून पैठण दहा दिवस, पैठणहून भडोच वीस दिवस. गाड्यांतून कापड जायचं, रस्ता नसलेल्या रानातून. एक महिन्यानं माल बंदराला लागायचा."

"पण सर, ते कापड होतं. हे वितळतंय."

"डिसेंबर आहे," सर म्हणाले. "वितळणार नाही."

खरोखरच वितळलं नाही. दुपारी लातूरहून डबा परत आला तेव्हा शेपट्या दगडासारख्या घट्ट होत्या. मी विजयी मुद्रेनं डबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत नेला. उंबऱ्यावर ही उभी होती, मागं कॅलेंडर होतं.

आता इथं जरा पंचांगात शिरावं लागेल. आमच्या घरी सोमवार महादेवाचा. मंगळवार आणि शुक्रवार तुळजाभवानीचे. तुळजापूर हाकेच्या अंतरावर, तिथं चलाखी चालत नाही. गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. राहिले बुधवार आणि रविवार. त्यात २०२४ चा डिसेंबर सरत आलेला, म्हणजे मार्गशीर्ष. मार्गशीर्षातल्या गुरुवारांसाठी आमच्याकडं अख्खा महिना बंद. सोमवारी ३० तारखेला अमावस्या, तीच येळवस. मंगळवारी पौष लागणार, पण मंगळवार देवीचा. म्हणजे पहिली मोकळी तारीख बुधवार, १ जानेवारी. आणि आज होता रविवार.

"बुधवारपर्यंत हे माझ्या फ्रिजात येणार नाही," ही म्हणाली. "त्यात येळवशीचं दूध-ताक आहे."

"अगं, बंद डब्यात आहे."

"बंद डब्यात असलं तरी देवीला दिसतंय."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. तेवढ्यात आई काठी टेकत आली. वय नव्वदीला आलेलं, नजर शाबूत. तिनं झाकण उचलून आत पाहिलं आणि एक पाऊल मागं सरकली.

"आरं, इंगळीची नांगी कशाला आणलास घरात?"

"आई, ही शेवंड आहे. समुद्रातली. जावयासाठी."

"बाकीची कुठंय?"

"नुसती शेपटी खातात हिची."

"नुसतं शेपूट?" आईनं माझ्याकडं कीव येऊन पाहिलं. या घरात बोकडाची मुंडी, पाय, वजडी, रक्ती सगळ्याचा हिशेब लागतो. शेपूट कुणी मोजतसुद्धा नाही. "किती दिलास?"

मी निम्मा आकडा सांगितला. तरी तिनं काठी घट्ट धरली.

शेवटी डबा मित्राच्या डीप फ्रिजात गेला. हा मित्र खव्याचा व्यापारी. आमचा भूम तालुका खव्याच्या भट्ट्यांसाठी आणि कुंथलगिरीच्या पेढ्यासाठी प्रसिद्ध. त्याच्याकडं खव्याचे डबे एकावर एक रचलेले असतात. "माझ्या खव्याला वास लागला तर?" तो म्हणाला. मी म्हटलं, "लागला तर शेवंडीला खव्याचा लागेल, तू काळजी करू नको." त्यानं डब्यावर कुणी उघडू नये म्हणून मोठ्या अक्षरांत 'औषध' असं लिहिलं. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ या एका शब्दात आहे, पण त्याबद्दल नंतर.

रविवारी संध्याकाळी जावई आले. सोमवारी येळवस. ज्यांना ही ठाऊक नाही त्यांच्यावर मी दया करतो. दर्श वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडचं अख्खं गाव रानात जातं, बाजार ओस पडतात. ज्वारी कमरेला लागलेली, हरभरा घाट्यावर, करडई काट्यावर. कडब्याची कोप करायची, आत पाच पांडव मांडायचे, पूजा झाली की आंबिलीचा मडकाभर थंडावा, तुरीच्या-हरभऱ्याच्या-वालाच्या ओल्या दाण्यांची चिंच-बेसन लावलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. भज्जी कालवून उंडा खायचा, त्यावर आंबील प्यायची, मग जागेवर आडवं व्हायचं. जावयांनी हे सगळं तीनदा केलं. तिसऱ्यांदा आडवे झाले ते ऊन कलल्यावर उठले आणि म्हणाले, "बाबा, मी इथंच राहतो. होडी भाऊ बघेल."

मी मनात म्हटलं, थांबा, अजून बुधवार यायचा आहे.

बुधवारी सकाळी गच्चीवर मांडामांड केली. सामिष आमच्या स्वयंपाकघरात होतच नाही. त्याची भांडी वेगळी, चूल वेगळी, मजला वेगळा. इस्त्रीवाल्याकडून कोळसा आणला. कणसं भाजणाऱ्याची जाळी उसनी घेतली. कवच कापायला कात्री हवी म्हणून थोरल्या बंधूंनी त्यांच्या द्राक्षबागेतला सिकेटर धार लावून आणला. शेपटी आचेवर गोळा होते, ती सरळ राहावी म्हणून आत काडी खुपसायची असं दाढीवाला सांगतो. त्यासाठी सायकलच्या नव्या तारा आणून उकळत्या पाण्यात घातल्या. जावयांना खाली बैठकीत वर्तमानपत्र देऊन बसवलं होतं. वर यायचं नाही, असं सांगितलं होतं. ते त्यांनी इमानानं पाळलं. बहुधा रस्सा शिजतोय असं समजून.

मित्राचा पोरगा डबा घेऊन आला. मी सगळ्यांना गोल उभं केलं आणि झाकण काढलं. आत खवा होता.

'औषध' पाहून दुकानातल्या नोकरानं तो डबा बाजूला काढून ठेवला होता आणि कुणीतरी तो गुलाबजामवाल्याच्या मालात चढवला होता. आमच्या गावचे गुलाबजाम लांबलांबचे लोक बांधून नेतात. मी स्कूटरवर तिथं पोचलो तेव्हा आचारी डब्यापासून पाच हात लांब उभा होता. झाकण उघडं, हात जोडलेले.

"मालक," तो म्हणाला, "हे औषध कशावरचं?"

मी डबा उचलून पळालो.

आता पुढची पायरी. घट्ट शेपटी तशीच आचेवर टाकली तर बाहेरून जळते, आतून बर्फ राहतो. आदल्या रात्री फ्रिजात उतरवून ठेवायला हवी होती. पण आदली रात्र मंगळवारची होती. घाई असेल तर काय, हेही दाढीवाल्यानं सांगितलेलं आहे: वाहत्या थंड पाण्याखाली अर्धा तास धरा.

वाहत्या पाण्याखाली. अर्धा तास. धाराशिवात.

ज्या गावात नळाला पाणी कधी येईल यावर लग्नाचे मुहूर्त धरतात, तिथं त्या माणसानं हे वाक्य हसत हसत म्हटलं. आम्ही शेपट्या पिशवीत बांधून बादलीत बुडवल्या. तेच पाणी नंतर झाडांना घालायचं ठरलं. बादलीभोवती सगळे बसून राहिले. सरांनी कठड्यावर कोपरं टेकून तेवढ्या वेळात माहिती दिली की व्हिडिओतल्या जनावराला पुढं मोठाले चिमटे असतात ते अटलांटिकचं. आपल्या समुद्रातल्या शेवंडीला चिमटे नसतात, लांब काटेरी मिशा असतात. आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एके काळी हे गरिबांचं खाणं समजत. "म्हणजे तुम्ही तीन-चारशे वर्षं आधी जन्मून तिकडं राहिला असतात," सर म्हणाले, "तर फुकट पडलं असतं."

सिकेटर चालवणं मला वाटलं तेवढं सोपं नव्हतं. कवचाच्या कडांना काटे असतात आणि ते माणसाच्या बोटाला मेल्यानंतरही माफ करत नाहीत. कट्‌ कट्‌ करत पाठ उभी चिरली, दोन्ही अंगठ्यांनी कवच फाकवलं, आतून पांढरट काचेसारखं मांस वर आलं. मधोमध काळी दोरी. ती म्हणजे आतडं. टोक धरून सावकाश ओढलं की सगळी येते. दोन-तीन शेपट्यांनंतर बंधूंचा हात बसला. म्हणाले, "द्राक्षाच्या काडीपेक्षा मऊ आहे," आणि भराभर छाटणी उरकली.

लोण्याची जबाबदारी माझी होती. व्हिडिओत परदेशी पाला होता. मी कोथिंबीर घेतली, लसूण ठेचला, लिंबू पिळलं, मीठ, मिरपूड. घरचं पांढरं लोणी. फासायला कुंचा नव्हता, तर कोथिंबिरीच्याच देठांची जुडी बांधली. आई खुर्चीवर बसून हे सगळं नाक मुरडत बघत होती.

"त्यात येसर घाल."

"आई, हे फ्रेंच पद्धतीचं आहे."

"असंल. येसर घाल."

येसर म्हणजे आमच्याकडं धान्यं, डाळी आणि मसाले भाजून दळलेली पूड. लग्नकार्यात येसर-मेतकूट व्हायलाच हवं. त्याची आमटी जन्मभर खाल्ली आहे, पण लॉबस्टरला ते लावणं मला शोभेना. मी नाही म्हटलं. आईनं काही न बोलता सुनेकडून एक वाटी लोणी आणि छोटी कढई मागवून घेतली आणि शेगडीचा एक कोपरा बळकावला.

शेपट्या जाळीवर पालथ्या पडल्या. चर्रर्र झालं. तो आवाज! थेट व्हिडिओतला. हिरवट-करडं कवच बघता बघता तांबडं-केशरी व्हायला लागलं. सर पलीकडून ओरडले, "तो लाल रंग मूळचाच असतो! प्रथिनानं बांधून ठेवलेला असतो, आच लागली की सुटतो!" बंधू म्हणाले, "सर, तुम्हीपण इकडं या, सुटा एकदाचे." मी शेपट्या उलटल्या आणि जुडी लोण्यात बुडवून झोकात फासली. लोणी निथळून निखाऱ्यावर पडलं आणि हातभर ज्वाळा उठली. दाढीवाल्याकडं अशी ज्वाळा उठते तेव्हा तो हसतो. माझी एक भुवई गेली.

"लोण्यात पाणी असतं, दुधाचा अंश असतो, तो जळतो!" सर.

"मग आधी कढवायचं नव्हतं का," आई म्हणाली. तिच्या कढईत लोण्याचं तूप झालेलं होतं, त्यात लसूण तांबूस झाला होता, वर चिमटीनं येसर पडत होता. गच्चीवर जो वास सुटला त्यानं खालच्या गल्लीतली दोन कुत्री उठून उभी राहिली.

आता प्रश्न, झालं कसं कळायचं? आतलं तापमान ६० अंशांच्या आसपास आलं की उतरवायचं, एक मिनिट जास्त झालं तर चिवट होतं, असं सांगितलेलं. घरात थर्मामीटर एकच, ताप बघायचा. तो बेचाळीसच्या पुढं हात टेकतो. मी तो शेपटीत खुपसायला निघालो तर आईनं विचारलं, "तिला कणकण वाटायलीय का?"

आणि नेमक्या त्या क्षणी खालून हाक आली:

"पाणी आलं!"

बाहेरच्या माणसाला या दोन शब्दांचं वजन कळणार नाही. गल्लीत एकाच वेळी मोटारी घरघरल्या. ही भांडी टाकून धावली, धाकटी धावली, बंधू सिकेटरसकट धावले, सर कठड्यावरून अदृश्य झाले. मीही धावलो, कारण हौदाचं झाकण उचलायचं काम माझ्याकडं आहे आणि ते दुसऱ्या कुणाला मी कधी शिकवलेलं नाही. बैठकीतले जावई वर्तमानपत्र टाकून धावले. पाइप गच्चीवरच्या टाकीत सोडायचा होता. त्यांनी तो दोन हातांनी असा खेचून वर घेतला की जाळं ओढणारा माणूस म्हणजे काय ते गल्लीला कळलं. हौद, टाकी, पिंप, हंडे, घागरी, बादल्या, पातेली, शेवटी चहाची गाळणी सोडून सगळं भरलं. शेजारणींनी हिला सांगितलं, "जावई पायगुणाचा आहे गं."

सगळं भरून झाल्यावर कुणाला तरी वास आला.

वर गेलो. जाळीच्या माझ्या बाजूला होत्या त्या शेपट्या कवचात आक्रसून बसल्या होत्या. एक दाबून पाहिली. तिनं बोट परत पाठवलं. जाळीच्या दुसऱ्या कोपऱ्यात मात्र जागा मोकळी होती. गुडघ्यांमुळं आई पाण्याला धावली नव्हती. तिनं आपल्या हाताजवळच्या शेपट्या चिमट्यानं केव्हाच उतरवून परातीत ठेवल्या होत्या आणि वरून येसराचं तूप ओतलं होतं.

"तुला कसं कळलं झालं म्हणून?"

"पांढरं झालं की झालं. अंड्याचं काय थर्मामीटर लावून बघतोस का?"

जावयांना मानानं पाटावर बसवलं. आईच्या परातीतली पहिली शेपटी त्यांच्या ताटात गेली. बाजूला ज्वारीची भाकरी, कारण भाकरीशिवाय ताट वाढणं आम्हाला जमत नाही. त्यांनी ताटाकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मग पुन्हा ताटाकडं.

"बाबा, ही शेवंड आहे?"

"हो!" मी म्हटलं. "म्हटलं, तुम्हाला घरच्यासारखं वाटावं."

त्यांनी एक घास घेतला. चावला. डोळे मिटले. आणि सावकाश मान हलवली. महिनाभर अंथरुणात पाहिलेलं ते मान हलवणं माझ्या गच्चीवर घडत होतं.

"खारट झालंय का?" हिनं घाबरून विचारलं.

"नाही हो आई. मी पहिल्यांदाच खातोय."

गच्चीवर सगळे त्यांच्याकडं बघत राहिले.

"म्हणजे, आम्ही पकडतो," जावई म्हणाले. "जाळ्यात आली की सगळ्यात आधी तीच वेगळी काढायची, ओल्या गोणपाटात ठेवायची, जिवंत राहायला हवी. बंदरावर व्यापारी उभाच असतो. हॉटेलात जाते, परदेशी जाते. ३०० ग्रॅमच्या आतली असली तर निर्यातीला चालत नाही, २००३ पासून नियम आहे. पण मोठी असली की तिच्या पैशात होडीचं डिझेल निघतं. ती कोण घरात शिजवणार? आम्ही आपले बांगडे खातो." मग जरा थांबून म्हणाले, "माझे वडील चाळीस वर्षं समुद्रावर आहेत. त्यांनीही खाल्लेली नाही."

विहीणबाईंच्या ताटात ती का नव्हती ते आता कळलं. थोरले बंधू माझ्या बाजूची शेपटी बराच वेळ चघळत होते. ते म्हणाले, "शिंपलीपेक्षा मऊ आहे." आणि दुसरी घेतली. घराण्याची अब्रू राखायची त्यांची सवय अजून गेलेली नाही.

सर कठड्यावरून वाटी पुढं करून उभे होते. त्यांनाही दिली. त्यांनी येसराच्या तुपात भाकरी बुडवून खाल्ली, पुन्हा बुडवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही माहिती दिली नाही.

जेवण आटोपल्यावर जावयांनी घरी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"आई, शेवंड खाल्ली."

"कुठं?"

"धाराशिवला."

"तिकडं समुद्र आहे?"

"नाही. पण आज नळाला पाणी होतं."

पलीकडं कुजबुज झाली. वडिलांचा आवाज आला, "कशी लागते रे?" त्या आवाजात चाळीस वर्षांचं कुतूहल होतं. जावई सांगू लागले, आईच्या येसराचं तूप, लसूण, निखारे. माझ्या लोण्याचा उल्लेख त्यांनी सभ्यपणे टाळला. मग विहीणबाईंनी फोन माझ्याकडं द्यायला सांगितला.

"इतकं कशाला केलंत हो तुम्ही," त्या म्हणाल्या. आवाजात संकोच होता, आणि त्याखाली काहीतरी पेटलेलं होतं. मी ते ओळखलं. तो पदर तोंडाला लावून आत जाताना त्यांना वाटलं नसेल ते आता त्यांना वाटत होतं. "आता होळीला तुम्ही सगळ्यांनी इकडं यायचं. आणि यावेळी मासे-बिसे काही नाही. तुम्हाला तुमच्या सवयीचंच करणार मी. मटण, आणि तेही तुमच्याकडच्याच बोकडाचं. इथलं नको."

"अहो विहीणबाई, आम्ही तिकडं मासे खायला..."

"ते काही सांगू नका. मला फक्त एवढं विचारून ठेवा, ट्रॅव्हल्सवाले बोकड घेतात का? आणि डब्यावर गावाचं नाव कुठलं लिहायचं?"